व्हिसेरा राखून ठेवला, मग अहवाल अडतो कुठे?

एका सोमवारी सकाळी साठीतले एक काका आमच्या आवक खिडकीशी येऊन उभे राहिले. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचं फोल्डर, फोल्डरमध्ये अकस्मात मृत्यूच्या खबरेची झेरॉक्स, पंचनामा, सातबारा, आधार कार्ड. तरणा मुलगा रात्री शेताला पाणी द्यायला गेला होता, सकाळी बांधावर पडलेला सापडला. दवाखान्यात शवविच्छेदन झालं, "व्हिसेरा राखून ठेवलाय" असं सांगितलं गेलं, आणि तेव्हापासून काका तालुक्याला चकरा मारत होते. पोलीस ठाण्यात, कृषी कार्यालयात, तहसीलमध्ये एकच उत्तर मिळायचं: व्हिसेरा रिपोर्ट येऊ द्या. म्हणून एसटी पकडून ते थेट आमच्याकडे आले होते. "बाटलीचा निकाल कधी लागतो, साहेब?"

मी सरकारी प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात बरीच वर्षं काढली, शेवटची काही वर्षं विभाग सांभाळला. हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची गणती नाही. खिडकीतून त्याचं सरळ उत्तर कधी देता येत नाही. इथे जरा सावकाश देतो. काकांच्या बाटलीचं काय झालं, तेही पुढे येईलच.

बाटलीत असतं तरी काय?

व्हिसेरा म्हणजे पोटातले आणि छातीतले अवयव. मरणाचं कारण नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल किंवा विषाचा संशय असेल, तर शवविच्छेदन करणारे डॉक्टर काही अवयवांचे तुकडे काढून ठेवतात. साधारण पद्धत अशी: एका बरणीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांचे तुकडे. तिसऱ्या बाटलीत रक्त. ही निवड उगाच केलेली नाही. तोंडावाटे गेलेलं विष आधी जठरात सापडतं, यकृत त्याची मोडतोड करतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. चोर ज्या वाटेने गेला, त्या वाटेवरच्या तीन चौक्या म्हणा.

तुकडे सडू नयेत म्हणून ते मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. संपृक्त म्हणजे तळाशी थोडं मीठ न विरघळता उरेल इतकं खारट. मासे खारवतात त्यामागचं तत्त्वच इथे आहे. बरणी गळ्यापर्यंत भरायची नसते. आत वायू तयार होतो, झाकण उडतं, म्हणून वरचा तिसरा भाग मोकळा सोडायचा. चौथ्या बाटलीत नुसतं ते मिठाचं पाणी पाठवायचं, कारण उद्या वकील विचारणार, "विष पाण्यातूनच आलं नाही कशावरून?" हे सगळं पुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. तरीही गळक्या बरण्या, काठोकाठ भरलेल्या बरण्या आणि चुकून फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेलं यकृत आमच्याकडे येतच राहिलं. फॉर्मॅलिन सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी ठीक, पण विष शोधणाऱ्यासाठी ती डोकेदुखी.

हे काम आपल्याकडे नवं नाही. सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये सुरू झाली. पोलीस आणि वकील आजही अहवालाला 'सीए रिपोर्ट' म्हणतात, तो त्या केमिकल अ‍ॅनालायझरचा वारसा. महाराष्ट्रात आता न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं संचालनालय आहे. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिनाला, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड इथे प्रादेशिक. खातं गृह विभागाचं, म्हणजे पोलिसांचा आणि आमचा मंत्रालयातला मजला एक.

दवाखान्यातून टेबलापर्यंत

बाटलीवर लाखेचं सील लागतं. त्या सीलचा ठसा वेगळ्या कागदावर उमटवून सोबत पाठवतात, त्याला नमुना सील म्हणतात. एक पोलीस शिपाई बाटल्या घेऊन येतो. आवक कारकून भिंगातून दोन्ही ठसे ताडून पाहतो आणि मग अहवालात ते ठरलेलं वाक्य पडतं: सील शाबूत आणि पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे.

या एका ओळीवर खटले उभे राहतात आणि पडतातही. बाटली कुणी भरली, कुणी सील केली, किती दिवस कुठल्या कपाटात होती, कुणी आणली, या साखळीची एक कडी निसटली की आमच्या मशिनने कितीही अचूक आकडा दिला तरी त्याला किंमत उरत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अपघात झाला, त्यानंतर आरोपी मुलाच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला, डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर जास्त बोलत नाही. पण तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की बाटलीत जे आहे तेच प्रयोगशाळा तपासते. बाटली कुणाची, हे तिला कागद सांगतो. त्या प्रकरणात संशय पक्का झाला तोही डीएनए जुळवून पाहिल्यावर.

आणि एक उघड गुपित सांगतो. उशीर पुष्कळदा आमच्या दारात येण्याआधीच झालेला असतो. बाटली दवाखान्याच्या कपाटात असते, कारण पोलीस न्यायला आले नाहीत. किंवा ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत असते, कारण शिपाई बंदोबस्तावर गेला आहे. चार प्रकरणांच्या बाटल्या साठल्या की एकदाच न्यायच्या, हा हिशोबही चालतो. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तसंच केलं असतं. दोनशे किलोमीटरचा प्रवास एका बरणीसाठी कोण करेल? पण घरच्यांना वाटत असतं की बाटली मशिनवर आहे.

पंढरपुरात हरवलेला माणूस

आता खरं काम. समजा आषाढीला पंढरपुरात तुम्हाला एक माणूस शोधायचा आहे. त्याचा फोटो आहे, फेटा भगवा आहे, तो अमुक दिंडीत आहे हे माहीत आहे. तासाभरात सापडेल. आता समजा फोटो नाही, नाव नाही, बाई की पुरुष ठाऊक नाही, आणि तो पंढरपुरात आला आहे की नाही हेही नक्की नाही. फक्त "संशयास्पद कुणी असेल तर सांगा" एवढंच सांगितलंय. विषाची तपासणी बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असते.

पोलिसांच्या पत्रात लिहिलेलं असतं: "मृत्यूचे कारण निश्चित होण्यासाठी रासायनिक पृथक्करण होऊन मिळावे." बस. माणूस शेतकरी होता की रंगारी, जवळ काय सापडलं, ओकारी झाली होती का, तोंडाला कसला वास होता, दवाखान्यात उपचार झाले होते का, काहीच नाही. जगात विषारी ठरू शकणारे पदार्थ हजारोंनी आहेत. कीटकनाशकं, झोपेच्या गोळ्या, धोतऱ्यासारख्या वनस्पती, मिथेनॉल, सायनाइड, आर्सेनिक. प्रत्येक घराण्याचा स्वभाव वेगळा. उडून जाणारे पदार्थ ऊर्ध्वपातनाने काढायचे. सेंद्रिय पदार्थांसाठी ऊतक बारीक करून, आम्ल आणि अल्क घालून, द्रावकात खेचून घ्यायचे. या पद्धतीची मूळ कल्पना १८५० मध्ये बेल्जियमच्या ज्यां स्तास या रसायनतज्ज्ञाने निकोटिनच्या एका खुनात वापरली. धातूंसाठी सगळं मांस तीव्र आम्लात जिरवून टाकायचं. म्हणजे एका यकृताच्या तुकड्याचे तीन-चार वाटे, आणि प्रत्येक वाट्याचं वेगळं टेबल.

त्यात तो तुकडा ताजा नसतो. सडलेल्या ऊतकात शरीरातलीच शेकडो रसायनं तयार झालेली असतात आणि ती खऱ्या विषासारखी सोंगं घेतात. आमच्याकडे नवी आलेली एक वैज्ञानिक सहायक पहिल्याच आठवड्यात पळत माझ्या केबिनमध्ये आली, "सर, अल्कलॉइड सापडलं!" (अल्कलॉइड म्हणजे धोतऱ्यासारख्या वनस्पतींतली विषं.) प्लेटवर नारिंगी डाग छान उठला होता. मी म्हटलं, चहा घे, आणि मग तेच वायू-वर्णलेखी आणि वस्तुमान मापक लावून बघ. (हे नाव मी एकदाच घेतोय. सगळे जीसीएमएस म्हणतात. मिश्रणातले पदार्थ एकेक करून वेगळे करायचे आणि प्रत्येकाला फोडून त्याच्या तुकड्यांवरून ओळखायचं, असं ते यंत्र.) तो डाग सडण्यातून आलेला निघाला. तिने चेहरा पाडला. खरं तर त्या दिवशी तिने या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा गिरवला होता, कारण एका चाचणीवर कुणाला फासावर पाठवता येत नाही. दोन वेगवेगळ्या तत्त्वांच्या चाचण्यांनी एकच नाव सांगितलं तरच ते कागदावर येतं.

याउलट, प्रश्न नेमका असला की उत्तर झपाट्याने निघतं. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: मिथेनॉल आहे का? रक्ताची बाटली गरम केली, वर जमलेली वाफ यंत्रात सोडली, की काही मिनिटांत मिथेनॉल आणि साधी दारू आपापल्या वेळेला वेगवेगळे बाहेर पडतात.

गिरणीतली बाजरी

लहानपणी दळण घेऊन गिरणीत गेला असाल तर आठवेल. आधीच्याची बाजरी दळून झाली की आपला गहू टाकताना आई बजावायची, "पहिलं पीठ घेऊ नको, बाजरीचं मिसळतं." आमच्या यंत्रांचंही तसंच. आधीच्या नमुन्यात कीटकनाशक भरपूर असेल तर त्याचा अंश नळीत राहतो आणि पुढच्याच्या खात्यावर पडतो. म्हणून मध्ये कोरा नमुना चालवायचा, तो खरंच कोरा आला का बघायचं, मगच पुढची बाटली. शिवाय मुद्दाम विष घातलेला एक नमुना सोबत चालवायचा. तो पकडता आला नाही, तर त्या दिवशीचे सगळे "आढळले नाही" रद्द.

वाणी आपली वजनं ठरलेल्या मुदतीने तपासून शिक्का मारून घेतो, तशी प्रयोगशाळांसाठी आयएसओ १७०२५ नावाची पद्धत आहे आणि आपल्याकडे एनएबीएल ही संस्था ती तपासून मान्यता देते. तिचा जाच वाटतो, रजिस्टरं वाढतात, फ्रिजचं तापमानसुद्धा दिवसातून दोनदा लिहावं लागतं. पण मी तिच्या बाजूचा आहे. कोर्टात तीन वर्षांनी "त्या दिवशी तुमचं यंत्र बरोबर होतं कशावरून?" असं विचारलं जातं तेव्हा आठवणीवर भागत नाही.

मग महिनोन् महिने का?

एका बाटलीवर प्रत्यक्ष हात लागतो तो वेळ दिवसांत मोजता येतो. बाकी सगळी रांग.

रांगेचं गणित साधं आहे. समजा महिन्याला ३०० प्रकरणं येतात आणि २९० निकाली निघतात. दहाची तूट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वर्षाला १२०, पाच वर्षांत ६००, म्हणजे नव्याने आलेल्या बाटलीपुढे दोन महिन्यांची रांग. आता दोन अनुभवी माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, महिन्याला २४० च निघू लागली. आता तूट ६० ची, वर्षाला ७२०. दरवर्षी रांग तीन महिन्यांनी लांबते. माणसं तेवढ्याच घाईने काम करत असतात, कुणी झोपा काढत नसतं, तरी दाराशी बाटल्यांचा डोंगर.

येणारी प्रकरणं कमी होण्याचं चिन्ह नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यांतला सुमारे पाव हिस्सा विषाचा. आणि २२,७४६ वर महाराष्ट्र राज्यांत पहिला आहे. त्यात अपघाती विषबाधा, संशयास्पद मृत्यू, सर्पदंश, दारूचे नमुने मिळवा. आणि वर सवयीने राखून ठेवलेला व्हिसेरा. हृदयविकाराची स्पष्ट खूण दिसत असतानाही "उद्या कुणी विचारलं तर" म्हणून बरणी भरायची. डॉक्टरांची भीती मला समजते. पण अशी प्रत्येक बरणी खऱ्या विषाच्या बरणीपुढे उभी राहते.

"खासगी लॅब दोन दिवसांत रिपोर्ट देते की!"

देते. तिच्याकडे ताजं रक्त येतं आणि प्रश्न छापील असतो: साखर किती, थायरॉइड किती. यंत्र एकामागून एक नळ्या गिळतं. तिथल्या रिपोर्टखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की हा न्यायवैद्यकीय कामासाठी नाही. आमचा अहवाल मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली, म्हणजे जुन्या कायद्यातल्या कलम २९३ खाली, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचला जाऊ शकतो. हे केवढं मोठं माप आहे! म्हणूनच त्यावर सही करायचा अधिकार कायद्यात सांगितलेल्या हुद्द्यांनाच. टेबलावर दहा हात काम करत असले तरी सहीचे हात दोन-तीन. त्यातला एक जिल्हा न्यायालयात साक्षीला गेला, तिथे तारीख पडली, की दिवस गेला.

"मग मशिनं घ्या ना"

घेतो. मार्च एंडला पैसे आले की घेतो. जुलैत नळी संपते, प्रमाणित रसायनांची मुदत सरते, हेलियमचा सिलिंडर रिकामा होतो, आणि तेव्हा त्या शीर्षाखाली पैसे नसतात. प्रमाणित रसायन म्हणजे ज्याच्याशी ताडून ओळख पटवायची तो मूळ पदार्थ, पंढरपुरातला तो फोटो. अनेक फोटो परदेशातून मागवावे लागतात, काहींना अमली पदार्थ कायद्याखाली परवाने लागतात. फोटो नसेल तर कोट्यवधीचं यंत्रही "कुणीतरी आहे" इतकंच म्हणतं.

वीज हा आणखी एक घटक. त्या यंत्राच्या पोटात निर्वात पोकळी लागते. यूपीएसने दगा दिला की ती जाते, आणि पुन्हा स्थिर व्हायला अख्खा दिवससुद्धा लागतो. विभाग सांभाळायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं आता जास्त रसायनशास्त्र करायला मिळेल. प्रत्यक्षात मी देखभाल करार, ई-निविदा, एक्झॉस्ट पंख्याची दुरुस्ती आणि तपासून झालेल्या बरण्यांची विल्हेवाट यांत वर्षं घालवली. शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. निकाल गेला तरी बरणी पोलिसांच्या ना-हरकतीशिवाय टाकता येत नाही, ना-हरकत वेळेत येत नाही, आणि खोली भरत जाते. एक्झॉस्टही चैनीसाठी नसतो. धान्यातल्या किडीच्या गोळ्यांनी मेलेल्या माणसाची जठराची बरणी उघडली की फॉस्फिन वायू बाहेर येतो. ती धुराड्याच्या कपाटाबाहेर उघडायची नाही, हा नियम मी रागावून पाळायला लावत असे.

आधी कुणाची बाटली?

रांग म्हणजे पहिला आला तो पहिला, असं वाटेल. तसं करता येत नाही. आरोपी कोठडीत असेल तर ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र गेलं पाहिजे, नाहीतर तो जामिनाला पात्र होतो. हुंडाबळी, पोलीस कोठडीतला मृत्यू, न्यायालयाने तारीख दिलेलं प्रकरण, विषारी दारू, हे सगळे पुढे. वरून फोन येतो तेही पुढे, खोटं कशाला बोलू.

मागे कोण राहतं? ज्याच्यात आरोपी नाही, वकील नाही, बातमी नाही. म्हणजे बहुतेक वेळा बांधावर मेलेला शेतकरी आणि फवारणीत गेलेला मजूर. आणि अहवालाची सगळ्यात जास्त निकड असते ती याच घरांना. गोपीनाथ मुंडे योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. विषबाधा, सर्पदंश त्यात बसतात, आत्महत्या बसत नाही. तेव्हा विष कुठलं आणि गेलं कसं यावर घराचं वर्ष अवलंबून.

मी एक साधी सोय केली होती. शुक्रवारी एक टेबल फक्त सगळ्यात जुन्या बाटल्यांसाठी, मग कुणाचाही फोन येवो. सहकारी त्याला 'जुना बाजार' म्हणायचे. दुसरी सोय, बाटल्या आल्या तशा न तपासता सारख्या प्रश्नांचे गट करायचे. कीटकनाशकाचा संशय असलेल्या दहा एकदम लावल्या की कोरा नमुना, प्रमाण नमुना एकदाच लागतो. दहा जणांची पोळी वेगवेगळ्या तव्यावर कशाला? तिसरी, पत्रात माहिती नसेल तर ठाण्याला फोन. पाच मिनिटांच्या त्या फोनने, "हां साहेब, शेजारी औषधाचा डबा होता, नाव सांगतो थांबा," एवढं कळलं की दोन दिवस वाचत. या तिन्हींना एक रुपयाही लागला नाही. रांग संपली का? नाही. तिची लांबी कमी झाली.

"विष आढळले नाही" म्हणजे विष नव्हतं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. अहवालातलं वाक्य असं असतं: सर्वसाधारण आणि विशिष्ट रासायनिक चाचण्यांत कोणतेही विष आढळले नाही. ते नीट वाचा. केलेल्या चाचण्यांत, आलेल्या तुकड्यांत, आढळलं नाही.

माणूस आठ दिवस अतिदक्षता विभागात होता. पहिल्याच तासात त्याचं पोट धुतलं, मग शरीराने उरलेल्याची मोडतोड केली. नवव्या दिवशी काढलेल्या यकृतात काय सापडणार? सापडलं तर उपचारात दिलेलं अ‍ॅट्रोपिन हे औषध सापडेल. अशा वेळी खरा पुरावा दाखल करताना धुतलेल्या पोटाचं पाणी आणि पहिलं रक्त हा असतो, आणि तो बऱ्याचदा मोरीत जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा जिवंतपणी करायच्या कोलिनेस्टरेज या रक्तचाचणीची चर्चा झाली ती यासाठीच. कीटकनाशक स्वतः सापडो न सापडो, त्याने शरीरात केलेलं नुकसान त्या चाचणीत दिसतं.

उलटही खरं. "आढळले" म्हणजे त्यानेच मेला असंही नाही. आयुष्यभर फवारणी केलेल्या माणसात अंश असू शकतो. रक्तात दारू आढळली, पण प्रेत उन्हाळ्यात दोन दिवस पडून होतं. सडताना जंतूही दारू तयार करतात. म्हणून रक्ताच्या बाटलीत जंतूंना रोखणारं सोडियम फ्लोराइड घालायचं असतं. शिवाय मेल्यावर काही औषधं अवयवांतून हृदयातल्या रक्तात झिरपतात आणि प्रमाण फुगलेलं दिसतं, म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घेतलेलं बरं. मृत्यूचं अंतिम कारण आम्ही लिहीत नाही. आमचा कागद पोलिसांमार्फत डॉक्टरांकडे जातो, ते आपल्या निरीक्षणांशी जुळवून मत देतात. तिथेही एक रांग असते.

"पण रिपोर्ट मॅनेज होतात ना?"

खात्यात सगळे साधू आहेत असं मी म्हणणार नाही. पण आत काय अडथळे आहेत ते पाहा. टेबलावर बाटली जाते ती क्रमांकाने, यंत्राचा मूळ आलेख तारीख-वेळेसह साठतो, तपासणारा एक आणि पडताळणारा दुसरा, आणि ऊतकाचा काही भाग राखून ठेवलेला असतो. न्यायालयाने सांगितलं तर तो दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. एवढ्या सगळ्यांना गाठण्यापेक्षा बाटली इथे येण्याआधी गाठणं सोपं. राज्याने पैसा घालायचा तर मी तो आधी तालुक्याच्या दवाखान्यातल्या फ्रिजवर आणि बाटल्यांच्या बारकोडवर घालीन, मशिन नंतर.

घाई याचीही आहे, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुभा आहे. घटनास्थळावरून जास्त नमुने येणार. त्याच टेबलांवर.

खिडकीशी काय विचारायचं

अहवाल घरच्यांच्या हातात आम्ही देत नाही, तो पोलीस ठाण्याला जातो. म्हणून प्रयोगशाळेत येण्याआधी ठाण्यात तीन गोष्टी विचारा: बाटली दवाखान्यातून उचलली का, कुठल्या तारखेला कुठल्या प्रयोगशाळेला पाठवली, आणि तिथला पोच क्रमांक काय. क्रमांक नसेल तर रांग अजून सुरूच झालेली नाही. शवविच्छेदनाचा अहवालही मिळवून सगळा वाचून घ्या, शेवटच्या ओळीवर थांबू नका.

त्या सोमवारी मी काकांचं नाव-गाव घेऊन आवक रजिस्टर चाळायला लावलं. चार महिन्यांची पानं उलटली. नोंद नव्हती. काका माझ्याकडे बघत राहिले. मी ठाण्याला फोन लावला; हवालदार बरा माणूस होता, म्हणाला, "बघून सांगतो." संध्याकाळी कळलं, बाटल्या दवाखान्यातच होत्या.

त्या आल्या, शुक्रवारच्या टेबलावर बसल्या, आणि अहवाल गेला: विष आढळले नाही. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. रात्रीचं शेत म्हटलं की सापाची शंका येतेच, आणि सापाचं विष हे प्रथिन असतं. आमच्या द्रावकांनी आणि आमच्या यंत्रांनी ते दिसतच नाही; त्याला वेगळी चाचणी लागते आणि ती नेहमीच्या तपासणीत नसते. बरणी पहिल्या दिवशी आली असती तरी हेच लिहिलं असतं.

काही महिन्यांनी काका पेढे घेऊन आले. खात्याच्या नियमात पेढे बसत नाहीत, तरी एक घेतला. काम कसं झालं विचारलं, तर त्यांनी फोल्डर काढून शवविच्छेदनाच्या कागदाचं दुसरं पान दाखवलं. बाह्य खुणांच्या रकान्यात ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने बॉलपेनने लिहिलं होतं: डाव्या घोट्याच्या वर दोन टोचल्याच्या खुणा, भोवती सूज. ते पान पहिल्या दिवसापासून त्यांच्या नायलॉनच्या पिशवीत होतं.